आषाढात तुंबणारी टाकी : फोंडा तालुक्यातील एका घराच्या सांडपाण्याचे प्रकरण

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या पट्ट्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका घरात काही वर्षे दर पावसाळ्यात एकच तक्रार उद्भवत होती. आषाढातला मोठा पाऊस लागला की मागच्या संडासातील पाणी उतरेनासे होई, भांड्यातून गुडगुड आवाज येई आणि न्हाणीघराच्या जाळीतून काळपट पाणी वर येई. दसऱ्याच्या सुमारास सगळे आपोआप सुरळीत होत असल्याने उपाय पुढच्या वर्षावर ढकलला जाई. २०२२ च्या जुलैत मात्र पहिल्याच आठवड्यात पाणी वर आले. गणेशचतुर्थी जेमतेम दोन महिन्यांवर होती, घरातील लहान नातवाला महिन्याभरात दोनदा जुलाब झाले होते आणि संडासाच्या सेप्टिक टाकीपासून पंचवीस-तीस पावलांवर घरची पिण्याची विहीर होती. हे घर माझ्या पत्नीच्या काकांचे आहे आणि मी व्यवसायाने बांधकाम अभियंता आहे, त्यामुळे काकांनी निरोप धाडला की जावयांनी एकदा येऊन पाहावे.

मी पोहोचण्यापूर्वी त्यांना तीन सल्ले मिळाले होते. गवंड्याने जुन्या टाकीशेजारी दुप्पट मोठी टाकी बांधून शोषखड्डा, म्हणजे टाकीतून येणारे पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, आणखी खोल न्यावा असे सुचवले होते. नळकाम करणाऱ्याने ॲसिड ओतून पाइप साफ करू असे म्हटले होते. तिसरा सल्ला एका हितचिंतकाचा होता: पावसाळ्यापुरता टाकीचा एक पाइप कुळागराच्या कडेने वाहणाऱ्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडावा, कारण इतक्या पाण्यात ते कोणाला कळणारही नाही. हा शेवटचा मार्ग आपल्याकडे अनेक ठिकाणी खरोखर अवलंबला जातो आणि मला त्याची मनापासून चीड आहे. त्याच व्हाळाचे पाणी खालची कुळागरे पाटाने बागेत घेतात आणि त्याच्या काठावर बायका कपडे धुतात. तिन्ही सल्ल्यांमागे एकच गृहीत होते, की टाकी अपुरी पडते आहे. ती खरोखर अपुरी आहे का, हे झाकण उघडून कोणीही पाहिले नव्हते.

घराची आणि जमिनीची मांडणी

जमीन उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरते. घराच्या मागे, म्हणजे उत्तरेच्या चढावर, पश्चिम कोपऱ्यात संडास व न्हाणीघर आहे, त्यालगत चिऱ्यांत बांधलेली सेप्टिक टाकी आणि तिच्या पलीकडे शोषखड्डा. विहीर पूर्वेच्या अंगाला आहे. टेप लावून मोजले तेव्हा शोषखड्डा आणि विहीर यांतील अंतर ११ मीटर भरले आणि विहिरीजवळची जमीन खड्ड्याजवळच्या जमिनीपेक्षा सुमारे एक मीटर खाली निघाली. सेप्टिक टाकीसाठी असलेल्या भारतीय मानकात, आयएस २४७० मध्ये, सांडपाणी जमिनीत मुरवण्याची जागा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान १८ मीटर दूर असावी असे सांगितले आहे. येथे अंतर कमी होतेच, शिवाय उतारही विहिरीकडे होता.

टाकी १९९९ सालची. तिची आतील लांबी २ मीटर, रुंदी १ मीटर आणि पाण्याची खोली १.२ मीटर, म्हणजे धारण क्षमता २,४०० लिटर. घरात काका-काकी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी सहा माणसे. मानकात दहा माणसांसाठी, दोन वर्षांनी गाळ काढायचा असे धरून, २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल पाण्याची टाकी सांगितली आहे. त्या हिशेबाने सहा जणांच्या घराला ही टाकी लहान म्हणता येत नाही. गवंड्याच्या सल्ल्याबद्दल पहिली शंका मला तेथेच आली.

शोषखड्डा १.२ मीटर व्यासाचा आणि २ मीटर खोल, कोरड्या चिऱ्यांनी बांधलेला. तो खणला तेव्हाची एक आठवण काकांनी सांगितली आणि ती पुढे फार उपयोगी पडली. वरचा कठीण जांभा फोडायला दोन दिवस लागले होते, साडेसहा फुटांवर पांढुरकी पिवळसर चिकण माती लागली आणि ती लागताच खणणाऱ्यांनी काम थांबवले. जांभ्याखाली अशी चिकण माती असणे गोव्यात नेहमीचेच आहे. जांभा भोकाभोकांचा असतो, त्यातून पाणी वेगाने उतरते, पण खालच्या मातीवर येऊन ते अडते आणि मग उताराच्या दिशेने आडवे सरकू लागते. अशा जमिनीत खड्डा आणखी खोल नेऊन काहीच साधत नाही, कारण खोलवर पाणी शोषणारा थरच नसतो.

झाकण उघडल्यावर

टाकीत जमणाऱ्या वायूंत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड असतात. मिथेन पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ हा समज जिवावर बेततो. आम्ही मुलांना घरात ठेवले, जवळपास विडी-काडी पेटणार नाही याची काळजी घेतली, दोन्ही झाकणे बाजूला सारून बराच वेळ तसेच सोडले आणि सर्व मोजमापे बाहेर उभे राहून, काठीने घेतली.

काठीला खालून मीटरभर पांढरे जुने धोतर गुंडाळून ती टाकीच्या तळाला टेकवली, दोन-तीन मिनिटे स्थिर धरली आणि सावकाश बाहेर काढली. गाळ होता तेवढा भाग काळा आणि चिकट आला, पाण्याचा भाग नुसता करडा. गाळ ७० सेंटिमीटर भरला. दुसऱ्या काठीला खाली काटकोनात फळी ठोकून ती वरच्या तवंगाखालून उचलली, तेव्हा तवंग २० सेंटिमीटर जाडीचा निघाला. १२० सेंटिमीटरपैकी निवळ पाण्याला ३० सेंटिमीटर उरले होते, म्हणजे २,४०० लिटरांच्या टाकीत प्रत्यक्षात ६०० लिटर. गाळ आणि तवंग मिळून खोलीच्या एक तृतीयांशाच्या पुढे गेले की टाकी उपसावी, असा साधा नियम आहे. येथे ते तीन चतुर्थांशावर पोहोचले होते. २३ वर्षांत ही टाकी एकदाही उपसलेली नव्हती.

आता या ७० सेंटिमीटरांचा विचार करू. फक्त संडासाचा मैला टाकीत जात असला तर माणशी वर्षाला साधारण २५ लिटर गाळ साठतो, न्हाणी आणि मोरीचे, म्हणजे स्वयंपाकघरातील भांडी धुण्याच्या जागेचे, पाणीही जात असेल तर ४० लिटरांच्या आसपास. कमी आकडा धरला तरी सहा माणसांचा २३ वर्षांचा गाळ ३,४५० लिटर होतो, आणि टाकीत सापडला तो १,४०० लिटर. घरातील माणसे मधल्या काळात कमी-जास्त होती आणि जुना गाळ दबून बसतो हे मान्य केले, तरी एवढी तफावत भरून निघत नाही. म्हणजे गाळाचा मोठा भाग टाकीतून निसटून शोषखड्ड्यात गेला होता. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी हात न घालता, फक्त विजेरीचा झोत टाकून पाहिले तेव्हा कारण दिसले. सिमेंटचा ‘टी’, म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पाइपाचा तुकडा, खालून तुटून पडला होता. या ‘टी’चे खालचे टोक पाण्यात बुडालेले असते, त्यामुळे वरचा तवंग आणि तळाचा गाळ सोडून मधले निवळ पाणीच बाहेर पडते. तो तुटल्यावर तवंग थेट वाहून जाऊ लागतो. एवढासा तुकडा, पण शोषखड्ड्याचे आयुष्य त्याच्यावर अवलंबून असते.

शोषखड्ड्याचे झाकण काढले तेव्हा पाणी जमिनीखाली जेमतेम ४० सेंटिमीटरवर होते. त्याच दिवशी विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीपासून १.६ मीटर खाली होती. जमिनीतील एक मीटरचा उतार जमेस धरला तर खड्ड्यातले पाणी विहिरीच्या पातळीपेक्षा दोन मीटरांहून अधिक उंच उभे होते. ते मुरत नव्हते आणि जे काही झिरपत होते ते विहिरीच्या दिशेने जायला मोकळे होते. खड्ड्याच्या चिऱ्यांवर काळी बुळबुळीत साय चढली होती. निवळ नसलेले पाणी सतत आले की जिवाणूंचा असा थर साठतो आणि जांभ्याची भोके बुजवतो.

काकींनी सांगितलेली गोष्ट

त्या दिवशी जेवताना काकी सहज म्हणाल्या, ‘‘पूर्वी हा त्रास कधी नव्हता हो जावई. न्हाणीचे पाणी केळींना जायचे आणि मोरीचे माडांना. २०१७ साली घर नवे केले, तेव्हा त्या माणसाने सगळे पाइप एकत्र करून टाकीत सोडले. परस स्वच्छ दिसेल म्हणाला.’’

या प्रकरणाचे मर्म या चार वाक्यांत होते. गोव्यातील जुन्या घरांत न्हाणीचे गटार परसात उघडत असे आणि त्याच्या तोंडाशी केळी किंवा माड असणे ठरलेलेच असे. टाकी आली ती फक्त संडासासाठी. शहरी पद्धतीने माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले तर सहा माणसांचे ८१० लिटर होते, त्यात संडासाचा वाटा सुमारे ३०० लिटरांचा. शोषखड्ड्याच्या भिंतीचे उपयोगी क्षेत्र सुमारे ६ चौरस मीटर होते. पुढे याच आवारात जमिनीची जी शोषणक्षमता मोजली गेली, म्हणजे चौरस मीटरला दिवसाला सुमारे ५० लिटर, ती येथे लावली तर खड्डा ३०० लिटर जिरवू शकत होता. १९९९ साली ज्या गवंड्याने हे काम केले त्याने संडासापुरता खड्डा बरोबर बांधला होता. अठरा वर्षांनी आपण त्याच्यावर अडीच पटींहून अधिक बोजा टाकला, आणि कपडे धुण्याचे यंत्रही त्याच सुमारास आले. घागरीने पाणी काढायचे दिवस होते तेव्हा वापरावर आपोआप लगाम असे. नळ आणि पंप आल्यावर तो सुटला, ही सोय हवीच, पण तिच्याबरोबर जाणाऱ्या पाण्याची वाट कोणी मोजली नाही.

तरीही एक प्रश्न राहत होता. नुसत्या घरच्या पाण्याने तुंबायचे तर वर्षभर तुंबायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी जोराचा पाऊस असताना, घरातील सगळे नळ बंद करवून, आम्ही टाकीपूर्वीच्या चेंबरचे झाकण उचलले. चेंबरमधून मनगटाएवढी धार टाकीत पडत होती. दुपारी उघडीप झाल्यावर मागच्या छपराच्या पन्हळीच्या उतरत्या पाइपात कपड्यांची नीळ घातलेले बादलीभर पाणी ओतले आणि ते अर्ध्या मिनिटात चेंबरमध्ये निळे होऊन आले. २०१७ च्या कामात पन्हळीचा पाइपही न्हाणीच्या जाळीला जोडलेला होता. मागचे छप्पर ६० चौरस मीटर आहे. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस गोव्याला नवा नाही, आणि तेवढ्या पावसात या छपरावरून ६,००० लिटर पाणी उतरते. टाकीच्या अडीच पट पाणी एका दिवसात तिच्यातून धावत असेल तर गाळ तळाशी बसणार कसा? टाकीत पाणी निदान एक ते दोन दिवस स्थिर राहावे लागते. येथे ते काही तासही थांबत नव्हते आणि जाताना गाळ ढवळून खड्ड्यात नेत होते.

विहीर

विहिरीच्या पाण्यावर मी त्याच दिवशी हायड्रोजन सल्फाइडच्या कुपीची चाचणी लावली. कुपीत पाणी भरून ती घरातच ठेवायची. मैल्यातील जिवाणू असले तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. ही कुपी दुसऱ्या सकाळी शाईसारखी काळी होती. नंतर प्रयोगशाळेत दिलेल्या नमुन्यात ई. कोलाय जिवाणू सापडले. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार, आयएस १०५०० नुसार, १०० मिलिलिटर नमुन्यात तो एकही आढळता कामा नये. नातवाचे जुलाब याच पाण्यामुळे झाले असे मी ठामपणे म्हणणार नाही, तो निष्कर्ष डॉक्टरांचा. पण काळी कुपी काकांच्या हातात दिली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लग्न झाले की नव्या सुनेकडून ज्या विहिरीची पूजा करवून घेतात ती ही विहीर.

विहिरीचे पाणी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी तात्काळ बंद केले आणि नळाचे पाणीही उकळून प्यायचे ठरले. विहिरीत क्लोरीन घातले, पण ते तात्पुरते. हिशेब असा : विहिरीचा व्यास २.४ मीटर, पाणी ५ मीटर, म्हणजे सुमारे २२,६०० लिटर. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरांना अडीच ग्रॅम या प्रमाणात ५६ ग्रॅम लागते. ती थोड्या पाण्यात कालवून, बादलीत पातळ करून, चुना खाली बसू द्यायचा आणि फक्त वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचे. तळाचा चुना विहिरीत घालायचा नाही. शेजारी मैल्याचा खड्डा भरलेला असेपर्यंत हे सर्व दुसऱ्या आठवड्यात पुन्हा करावे लागते, हे काकांना स्पष्ट सांगितले.

चतुर्थीपर्यंतची व्यवस्था

पहिल्याच दिवशी पन्हळीचा पाइप कापून पावसाचे पाणी गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, चरात वळवले. दुसऱ्या दिवशी न्हाणी, मोरी आणि कपडे धुण्याच्या यंत्राचे पाइप टाकीपासून तोडले. एवढ्यानेच चार दिवसांत संडासाचे पाणी उतरू लागले. टाकीला अजून हातही लावलेला नव्हता.

त्यानंतर टँकर बोलावला. आलेल्या माणसांपैकी एक जण, वय फार तर वीस-बावीस, तळाचा घट्ट गाळ सैल करण्यासाठी टाकीत उतरायला सवयीने निघालाच होता. त्याला थांबवले. २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा नसता तरी उत्तर तेच असते. मास्क म्हणून तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही, आणि एक जण कोसळला की त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. गाळ घट्ट असेल तर टँकरमधलेच थोडे पाणी दाबाने परत टाकीत सोडून तो ढवळावा व पुन्हा ओढावा. आम्ही तसे केले, अर्धा तास जास्त लागला. गाळ कोठे रिकामा करणार हे आधी विचारून घेतले आणि प्रक्रिया केंद्रावर जाणारा टँकरच ठरवला, कारण आपल्या परसातली घाण दुसऱ्याच्या माळरानावर ओतली तर आपण काही सोडवले असे होत नाही.

टाकी पूर्ण रिकामी मात्र करू दिली नाही. भर पावसाळ्यात भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असते, आतला भार काढून घेतला तर बाहेरच्या पाण्याचा दाब जुन्या भिंतींवर येतो आणि त्या आत ढासळू शकतात. हलकी प्लास्टिकची टाकी तर अशा वेळी उचलली जाते. म्हणून निम्म्याहून थोडा अधिक गाळ काढला, लगेच पाणी भरले आणि उरलेला उपसा नोव्हेंबरवर ठेवला. तुटलेल्या ‘टी’च्या जागी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी ‘टी’ बाहेरूनच बसवला, त्याचे खालचे टोक पाण्यात ३० सेंटिमीटर बुडेल असे. वायुनलिकेच्या तोंडावर डासांसाठी जाळी बांधली. ॲसिड घातले नाही. गाळ कुजवण्याचे काम टाकीतले जिवाणू करतात, आणि ॲसिड, फिनेल किंवा ब्लीच मोठ्या प्रमाणात गेले की तेच मरतात. जिवाणूंची म्हणून मिळणारी पावडरही घातली नाही. मैल्याबरोबर ते रोज येतच असतात, आणि कोणतीही पावडर उपशाची जागा घेत नाही.

चतुर्थीला घरात पंधरा माणसे होती. आंघोळीचे व भांड्यांचे पाणी टाकीकडे जात नसल्यामुळे पाचही दिवस अडचण आली नाही.

पाण्याची नवी वाट

संडासाच्या पाण्यासाठी विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाची जागा हवी होती. घराच्या नैऋत्येला, घरापासून ८ मीटर आणि विहिरीपासून २७ मीटरवर पडीक तुकडा होता. ऑगस्टमध्ये तेथे दीड मीटरचे छिद्र घेऊन उभा पाइप पुरला, पाणी जमिनीखाली १.१ मीटरवर दिसले. भूजल १.८ मीटरांहून वर असेल तर खोल खड्डा न घेता उथळ चर घ्यावेत, आणि तेही भराव घालून उंचावलेले, असे मानक सांगते. सप्टेंबरच्या अखेरीस पाझर चाचणी घेतली : छोटे छिद्र, तळाला वाळू, रात्रभर पाणी भरून जमीन भिजवली आणि सकाळी पाणी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहिले. १६ मिनिटे लागली. हा वेळ ३० मिनिटांपर्यंत असेल तर जमीन उत्तम, ६० मिनिटांपुढे गेला तर पाणी मुरवण्याचा नादच सोडावा. ही चाचणी मार्चमध्ये घेतलेली मी कधीच मानत नाही. आपल्याकडची जमीन मार्चमध्ये काहीही पिते, तिची परीक्षा पाऊस भरात असताना किंवा सरता सरताच घ्यायला हवी.

१६ मिनिटांना चौरस मीटरमागे दिवसाला ५१ लिटर हा दर येतो. ३०० लिटरांना ६ चौरस मीटर लागतात. आम्ही ६ मीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद असे दोन चर घेतले, मिळून ७.२ चौरस मीटर, दोहोंत दोन मीटरांचे अंतर. तळ जमिनीखाली फक्त २० सेंटिमीटर, त्यावर खडी, खडीत भोकांचा पाइप, वर माती खडीत उतरू नये म्हणून जिओटेक्सटाइल कापड आणि त्यावर मातीचा उंचवटा. उंचवट्याला दोन्हीकडे उतार दिला आणि त्याच्या वरच्या अंगाला आडवा चर खणला, म्हणजे डोंगरावरून येणारे पाणी बगल देऊन जाईल. जमीन मागून पुढे १.६ मीटर उतरत असल्यामुळे टाकीपासून येथपर्यंत पाणी आपोआप येते, पंप लागला नाही. चरांपूर्वी एक लहान चेंबर आहे, त्यातून सहा महिने एक चर बंद ठेवून त्याला विश्रांती देता येते. उंचवट्यावर कर्दळ आणि गवत लावले. वड-आंब्यासारखे झाड जवळ नको आणि त्यावर गाडी उभी करायची नाही, हे दोन नियम.

न्हाणी, मोरी आणि यंत्राचे पाणी पुन्हा केळींकडे गेले, पण पूर्वीसारखे उघड्या गटाराने नाही. मोरीच्या पाइपावर आधी तेल-तूप आणि खोबऱ्याचा चोथा अडवणारा छोटा चेंबर बांधला, तो सूनबाई दर पंधरवड्याला साफ करतात. मग उथळ चरांत नारळाची सोडणे, म्हणजे वरची तंतुमय सालपटे, भरून त्यांत पाणी सोडले, वरून सुक्या पानांचे आच्छादन, म्हणजे पाणी उघड्यावर साचत नाही आणि डास होत नाहीत. सोडणे कुजली की बदलायची, आणि ती या घरात कमी पडणार नाहीत. ही जागाही विहिरीपासून २० मीटरांपलीकडे घेतली, कारण आंघोळीचे पाणी निरुपद्रवी असते हा समज खरा नाही.

नोव्हेंबरात चर तयार झाल्यावर टाकी पूर्ण उपसली, भिंतींची दरज भरली आणि नवीन पाइप जोडला. जुना शोषखड्डा टँकरने रिकामा करून उन्हाळाभर सुकू दिला, मेमध्ये चुना टाकून दगड-मातीने बुजवला. सगळा खर्च मिळून गवंड्याने नव्या टाकीसाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी झाला.

२०२३ चा जुलै

दुसऱ्या पावसाळ्यात संडास एकदाही तुंबला नाही. जुलैच्या मध्यावर, सलग तीन दिवसांच्या पावसानंतर मी चरांच्या उंचवट्यावर उभा राहिलो तेव्हा पायाखाली ओल होती, पण पाणी वर आलेले नव्हते आणि वासही नव्हता. टाकीत गाळ ८ सेंटिमीटर होता. काठी आता मागच्या पडवीत टांगलेली आहे आणि भिंतीवर खडूने तारखा लिहिलेल्या आहेत. दर वर्षी चतुर्थीनंतर काका स्वतः मोजमाप घेतात.

विहिरीचे मात्र पूर्ण समाधान झालेले नाही. मेमध्ये कुपी स्वच्छ राहिली. जुलैत ती काळी न पडता करडी झाली, आणि प्रयोगशाळेच्या नमुन्यात थोडे जिवाणू पुन्हा आढळले. विहिरीचा कठडा दीड फूटच होता आणि पावसाचे पाणी बाजूने आत उतरत होते. तो उंच करून भोवती सिमेंटचा उतरता ओटा केला. पण वरच्या अंगाला, गडग्यापलीकडे, चुलत भावकीचे घर आहे आणि त्यांचा शोषखड्डा या विहिरीपासून १६ मीटरवर, नेमका उताराच्या वर आहे. त्यांच्याकडेही न्हाणीचे पाणी टाकीतच जाते. काका त्यांच्याकडे काळी पडलेली जुनी कुपी घेऊन गेले होते. सुपारीची पाडणी आटोपली की झाकण उघडायचे त्यांनी कबूल केले आहे, तोवर या घरात पिण्याचे पाणी उकळूनच वापरतात.